तिसरं बोट

“आजोबा, बार माझ्या हातून सुटला, तर तुम्हाला तो खरंच धरता येईल?”

नातीने विचारून टाकलं एकदाचं! चटईवर बसलेल्या दोघी मैत्रिणींनी एकमेकींना चिमटे काढले. तीन दिवस त्यांनी हेच टुमणं लावलं होतं. हिंमत असेल तर विचार. आणि तिच्यात हल्ली हिंमत भलतीच होती. दोन महिन्यांपूर्वी वजनाच्या चकत्या न लावलेला नुसता रिकामा बार उचलताना जिचे डोळे पांढरे व्हायचे, ती आज बाकावर चाळीस किलोखाली आडवी झाली होती.

आजोबा नुसते हसले.

भिंतीवरच्या फोटोत ते पंचविशीचे होते. उताणे झोपलेले, छातीवर फळी, फळीवर चार धडधाकट माणसं. चौघांचेही चेहरे घाबरलेले, खालचा मात्र निवांत. तेव्हा वजनं विकत मिळत नसत. त्यांनी भंगारातल्या लोखंडाच्या चकत्या ओतून घेतल्या, घराखालच्या याच खोलीत मांडल्या, आणि तेव्हापासून आजपर्यंत माणसं घडवली.

“दोन बोटं,” ते बाकामागे उभे राहत म्हणाले. “या हाताचं एक, त्या हाताचं एक. तिसरं लावलं की मेहनत तुझी नाही, माझी.”

हे वाक्य इथे सगळ्यांना पाठ होतं. चष्मिस मैत्रिणीने ते आवाज न करता सोबत म्हणून दाखवलं.

“अगं, पण सकाळी यांचा चहा कपात कमी नि बशीत जास्त होता,” ठेंगणी कुजबुजली.

“गप गं!”

आजोबांना ऐकू गेलं असावं. त्यांनी बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. गेल्याच आठवड्यात बाबांनी त्यांना बजावलं होतं, “अण्णा, एकदा जरी कुणाला लागलं, तर तुमचं शिकवणं बंद. खोलीला कुलूप.” त्यानंतर आजोबा दोन दिवस नीट जेवले नव्हते.

“चल. श्वास घे. एक.”

बार वर गेला, खाली आला. दोन. तीन. पाच होईपर्यंत तर ती मनातल्या मनात गाणंही म्हणत होती. सातव्याला डावं कोपर लटपटलं. आठव्याला बार अर्ध्यात अडकला.

“घ्या, आजोबा.”

“घेतलाय.”

“आजोबा, घ्या ना!”

तिने वर पाहिलं. बारखाली दोन बोटं नव्हती. दहाच्या दहा होती, पांढरीफटक, थरथरणारी. आणि बार खालीच येत होता.

तो गळ्याखालच्या हाडावर टेकला. मैत्रिणी धावल्या, एकेका टोकाला लटपटत धरून त्यांनी तो कसाबसा उचलला आणि बाजूला जमिनीवर सोडून दिला. खोली हादरली. वर स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. जिन्यात चपला वाजल्या.

आजोबा तिच्यावर वाकले. “लागलं का गं?” मग अगदी हळू, “वर सांगू नकोस, बाळा.”

आजवर आजोबांनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा ते स्वतः उठून घेत. त्यापेक्षा तिला चाळीस किलो परवडले असते.

दारात आई आली, तिच्या मागे बाबा. आईची नजर थेट गळ्याखालच्या लाल पट्ट्यावर गेली.

“हे काय? कसला आवाज झाला?”

“काही नाही काकू, ते आपलं...” चष्मिसने सुरुवात केली आणि चष्मा पुसायला घेतला. ठेंगणी चटईचा दोरा ओढत बसली.

आजोबांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. छडी चुकवणाऱ्या शाळकरी पोरासारखे.

बाबा सरळ भिंतीकडे गेले. फोटोशेजारच्या खिळ्याला खोलीचं कुलूप टांगलेलं होतं, ते त्यांनी काढून हातात घेतलं.

ती बाकावरून उठली.

“बार आजोबांना पेलला नाही,” ती म्हणाली.

आजोबांनी डोळे मिटले.

“आणि बाबा, ते कुलूप ठेवा परत. आई, तूही ऐक. उद्यापासून बारमागे मी उभी राहणार. शिकवतील आजोबा, मोजतील आजोबा, ओरडतीलही तेच. धरणार मी. दहाही बोटांनी.”