हिरवी कडी

महाशिवरात्रीच्या दुपारी सुलभा पोल्ट्रीच्या शेडमध्ये शिरली, तेव्हा एका कोंबडीच्या पायातली भूक दाखवणारी कडी लाल झाली होती. तिने घाईने दाणे टाकले. कोंबडी उपाशी राहिली की तिच्या पेशी स्वतःलाच पचवू लागतात, आणि राणीखेत रोगाचा विषाणू त्याच चुलीवर आपली पिलावळ वाढवतो. मग अख्खी शेड जाते. दाणे पोटात गेले आणि थोड्या वेळाने कडी हिरवी झाली.

दारात तिचा नवरा मनोहर खुर्चीत पडून होता. यंदा दोघांनी नुसत्या पाण्यावर उपास धरला होता; साबुदाण्याची खिचडी फक्त सासूबाईंपुरती केली होती.

"डोळ्यांपुढे अंधारी येतेय," तो क्षीण आवाजात म्हणाला.

सुलभाने एक जादा कडी त्याच्या करंगळीत सरकवली. ती हिरवीगार राहिली.

"अहो, कोंबड्यांपेक्षा तुमचं पोट जास्त भरलेलं आहे."

"कडी बिघडलीय. तू घालून बघ."

"माझे हात खराब आहेत," म्हणत सुलभाने दोन्ही हात पदराआड नेले.

मनोहर खुर्चीत ताठ बसला.

"तरीच," तो म्हणाला, "मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा आईच्या खिचडीचं पातेलं आधीच अर्धं झालं होतं."