गुरुवारच्या भाकऱ्या

"तोंडात एक दात न्हाय, आन् दर गुरुवारी दहा कडक भाकरी कुणासाठी नेतोय गं हा म्हातारा?" शेजारच्या बजाबाईनं कट्ट्यावरून विचारलं.

 बजाबाईला जे आज दिसलं, ते शिवलीलेला दोन महिन्यांपासून दिसत होतं.

म्हाताऱ्याचं नाव तिप्पण्णा. दुधनी गावचा. गुरुवारी कामासाठी सोलापुरात आला की दुपारी बाळीवेशीत शिवलीलेच्या दारात भाकरी विकत घ्यायला हजर. भाकरी बांधायला दोन मिनिटं लागत. तो तासभर बसायचा. शिवलीलेच्या सासूशी, नागव्वाशी, कानडीत बोलायचा. शिवलीला बार्शीची. तिला कानडीतले चार शब्द कळत.

ती आली की दोघं गप्प होत. एकदा मोबाइलवर वाकून दोघं काहीतरी बघत हसत होती. तिची चाहूल लागली, तसा नागव्वानं मोबाइल पालथा घातला.

गुरुवारच्या भाकऱ्याही आता नागव्वा थापत नसे. "तूच कर. आन् पाणीबी तूच दे त्याला," म्हणायची.

म्हणजे गप्पा मारायला ही मोकळी, शिवलीला मनात म्हणाली.

"काका, मऊ भाकरी देऊ का?" तिनं एकदा मुद्दाम विचारलं.

"नको नको. खाणारा ल्योक हाय की घरात." मग तिप्पण्णानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बार्शीला कोण असतं तुझं?"

"भाऊ. का?"

"काय न्हाय."

बजाबाईला हे कळल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली. "सासूचं जमलं तर तुला बार्शीची एसटी धरावी लागंल बग!"

शिवलीलेला हसू आलं नाही. घर नागव्वाच्या नावावर होतं. भावाकडं दोनच खोल्या, आणि भावजय तोंडाची तिखट. हे दार बंद झालं तर दुसरं नव्हतं.

संध्याकाळी दिवा लावताना तिनं शिवकुमारला सगळं सांगितलं. विषय त्याच्या आईचा. तो काही बोलला नाही.

बुधवारी चादर काढायला तिनं सासूची पेटी उघडली. तळाशी कागदात गुंडाळलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या निघाल्या. नागव्वाचे हात वीस वर्षं मोकळे होते. मागच्या गुरुवारी कानावर पडलेला 'मदुवे' हा शब्द तिला आठवला. मदुवे म्हणजे लग्न, एवढं कानडी तिला येत होतं.

गुरुवारी नागव्वा दळण आणायला गेली आणि तिप्पण्णा लवकर आला. शिवलीलेनं त्याला पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "काका, मला सगळं कळलंय."

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "नागव्वानं सांगितलं व्हय?"

"सांगाय कशाला पायजे? डोळे हायत मला. हे लगीन व्हायचं न्हाय. आजपासनं भाकरी दुसरीकडनं घ्या."

 तिप्पण्णा तांब्या बाजूला सारून उठला. "तुझी मर्जी नसंल तर विषय संपला, बाळ. जबरदस्ती न्हाय कुणाची."

रिकामी पिशवी झटकून तो निघून गेला.

थोड्या वेळानं पिठाचा डबा कमरेवर घेऊन नागव्वा आली. "तिप्पण्णाला काय झालं गं? वाटंत भेटला, मान वर केली न्हाय."

शिवलीलेनं बांगड्यांचा पुडा तिच्यापुढं टाकला. "घाला की, आत्याबाई! पेटीत कशाला लपवताय?"

नागव्वानं डबा खाली ठेवला. शिवलीलेनं तिचा हात ओढला, एक बांगडी चढवायला गेली. चाळीस वर्षं भाकरी थापून रुंद झालेला तो हात. बांगडी बोटांच्या पेरांवरच अडली. कितीही दाबली तरी पुढं सरकेना.

नागव्वानं ती काढून घेतली आणि सुनेचा हात हातात धरला. चार वर्षं मोकळ्या असलेल्या त्या मनगटावर बांगडी अलगद उतरली, आणि भिंतीवर, हार घातलेल्या फोटोतून, शिवकुमार नेहमीसारखा काही न बोलता बघत राहिला.