चहानंतरची रांग

जानेफळच्या रस्त्यावरलं जुनं मनोरुग्णालय बंद झालं आणि तिथे सरकारी कचेरी आली. फरक तसा काही पडला नाही, फाटकावरची पाटी तेवढी बदलली.

गार्गीताई तिथे नव्यानेच साहेब म्हणून रुजू झाल्या. दुपारचा चहा झाला की सगळी कचेरी उठून व्हरांड्यात रांग लावते, हे त्यांनी रोज पाहिलं. रांगेच्या तोंडाशी विटांनी बुजवलेली खिडकी होती. पूर्वी तिथून रुग्णांना गोळ्या मिळत.

"ही रांग कशाची, भास्करराव?" त्यांनी हेडक्लार्कला विचारलं.

"कशाचीच नाही, मॅडम. उभं राह्यलं का बरं वाटते."

सरकारी माणूस रोज वेळेवर कुठेतरी पोचतो, म्हणजे दुखणं साधं नव्हे. त्यात उद्या आयुक्त तपासणीला येणार. त्यांनी हा तमाशा पाहिला, तर गार्गीताईंची पहिली नेमणूक शेवटचीच ठरायची.

म्हणून आज त्या स्वतः खिडकीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "चला, आपापल्या टेबलाशी!"

कोणी हललं नाही. पहिल्याने तळहात पुढे केला, तोंडाशी नेला, आ करून जीभ वर उचलून दाखवली. मग दुसऱ्याने. नजर कोणाचीच त्यांच्याकडे नव्हती. सगळे त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होते.

गार्गीताई ओरडायला गेल्या, तर तोंडात काहीतरी कडू विरघळू लागलं.

भास्करराव जवळ येऊन काळजीने पुटपुटले, "गिळून घ्या, मॅडम. अन् जीभ दाखवा. ते पाहून राह्यले."