पट्ट्याची शिवण

डॉक्टरांनी मास्तरांचा रक्तदाब आधी दवाखान्यातल्या यंत्रावर मोजला. वरचा आकडा एकशे अठ्ठावीस. मग मास्तरांनी पिशवीतून आणलेल्या घरच्या यंत्रावर मोजला. एकशे बहात्तर.

दंड तोच, माणूस तोच. डॉक्टर चक्रावले.

"किडनीची रक्तवाहिनी तुंबली होती म्हणून दाब चढत होता. स्टेंट टाकून ती मोकळी केली. सगळ्यांचाच दाब त्याने उतरतो असं नाही, तुमचा उतरला. मग घरी रोज हा आकडा कसा? काल तुमच्या मुलीचा फोन होता. गोळी वाढवा म्हणत होती. रडकुंडीला आली होती बिचारी."

"मलाही फोन करते रोज संध्याकाळी," मास्तरांचा चेहरा खुलला. "आधी आकडा विचारते, मग इकडचं तिकडचं बोलत बसते."

डॉक्टरांनी घरच्या यंत्राचा पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून पाहिला. त्यांचाही दाब चढलेला निघाला! पट्टा उलटसुलट करत ते खिडकीशी गेले. कडेने एक शिवण होती. टाके असे सरळ आणि बारीक, की कारखान्याने लाजावं. फक्त दोरा जरा गडद होता.

मास्तर शिंपी होते. लोकांचे कपडे आत घेण्यात आणि सैल करण्यात जन्म गेला होता त्यांचा. आता मान खाली घालून बसले.

"अरुंद पट्टा दाब जास्त दाखवतो, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुमच्याच नर्सबाईंनी. मी ॲडमिट होतो तेव्हा अरुंद पडतो म्हणून त्यांनी पट्टा बदलला होता ना."

"अहो, आज मी गोळी वाढवली असती तर चक्कर येऊन पडला असता! एकटेच राहता ना घरी?"

"म्हणून तर," मास्तर पुटपुटले. "स्टेंटनंतर आकडा बरा यायला लागला आणि तिचा फोन रविवारवर गेला. पुढे रविवारही चुकायला लागले."

डॉक्टरांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी पट्टा पुढे केला. मास्तरांनी सदऱ्याच्या खिशातून छोटी कात्री काढली आणि शिवण उसवायला घेतली.

"मुलीच्या जिवाला घोर लागलाय. आजच सांगून टाका तिला, मी बरा आहे म्हणून."

"सांगतो की." मास्तरांनी शेवटचा टाका ओढून काढला. "पण ते एकदाच सांगता येतं, डॉक्टर."