जोड नसलेला पाइप

व्हॅनच्या मागच्या सीटशेजारी लावलेल्या दांड्याला धरून दादा उठला आणि भिंतीतून आवाज आला. स्स्स. हात सोडला, आवाज बंद. पुन्हा धरला, जोर दिला. स्स्स. दादा मटकन मागच्या सीटवर बसला.

एसी दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. गॅस गळल्याचा आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. आणि हाच आवाज तो दोन उन्हाळे शोधत होता.

व्हॅन दाजींची, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची. धाकटी आजारी पडल्यापासून दाजी तिला आठवड्यातून दोनदा मागच्या सीटवर बसवून इस्पितळात न्यायचे. दीड तासाचा रस्ता, तोही उन्हाचा. तिला उकाडा मुळीच सोसायचा नाही, जीव घाबराघुबरा व्हायचा. पुढच्या सीटपाशी निदान बरी हवा यायची, पण तिला पाय पसरून मागेच बसावं लागायचं. मागचा एसी महिनाभरात कोमट वारा फेकायला लागायचा. दादा गॅस भरायचा, साबणाचा फेस लावून एकूण एक जोड तपासायचा. बुडबुडा म्हणून नाही! "ठणठणीत आहे गाडी," तो छातीठोकपणे सांगायचा. महिन्याने पुन्हा तेच रडगाणं. धाकटी तशातही हसायची. "दादा, अख्ख्या जगाला गार करतोस, बहिणीलाच तेवढं उकडतोस की रे!"

शेवटच्या फेरीला भर दुपारी गाडी रस्त्यात अडकली. तासभर. धाकटी इस्पितळात पोहोचली ती बेशुद्धच, आणि पुन्हा शुद्धीवर आली नाही. डॉक्टर म्हणाले, दुखणंच तसं होतं, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. दाजींनी ऐकून घेतलं, पटवून घेतलं नाही.

तिला जाऊन दीड महिना झाला आणि आज सकाळी ते व्हॅन घेऊन दादाच्या दुकानात आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. किल्ली बाकावर आपटत म्हणाले, "दादा, मला गार हवा नको. गॅस कुठून जात होता, तेवढं शोधून द्या. कुणाच्या चुकीने ती तासभर हवा हवा करत गेली, ते मला कळायला पाहिजे."

"आणि कळून काय करणार, दाजी?"

"ज्याची चूक असेल त्याला जन्मात माफ करणार नाही."

आता दादाने उरलासुरला गॅस काढून घेतला आणि दांड्याचे स्क्रू सोडवले. पत्रा बाजूला केला. आत मागच्या एसीचा पाइप छताकडे गेलेला होता आणि त्याला एक बारीकसं भोक पडलेलं होतं, नेमकं तिसऱ्या स्क्रूच्या टोकाशी. एरवी स्क्रूच ते भोक बुजवून ठेवायचा. दांड्यावर कुणी भार टाकला की फट उघडायची. मग बुडबुडा दिसणार कसा? तपासताना गाडी रिकामी असायची, आणि रस्त्यात इंजिनाच्या आवाजात ही बारीक स्स्स कुणाला ऐकू येणार? शिवाय त्या पत्र्यामागे जोडच नव्हता. अखंड पाइप कशाला उघडून बघायचा, म्हणून दादाने तो पत्रा दोन वर्षांत एकदाही काढला नव्हता.

दांडा दाजींनी लावलेला. धाकटीला उठता-बसता धरायला. दाजींचा हात म्हणजे काय सांगावं! त्यांनी ठोकलेला खिळा दुसऱ्या दिवशी कॅलेंडरसकट खाली यायचा. फळी लावली, ती डब्यांसकट कोसळली. पण या दांड्यासाठी मात्र त्यांनी बोटभर लांबीचे स्क्रू शोधून आणले, सबंध रविवार घामाघूम होऊन खपले, आणि तो काही निघाला नाही. धाकटी येईल-जाईल त्याला कौतुकाने दाखवायची. "यांच्या हातचं टिकलेलं हे एकच काम बरं का," म्हणायची. सगळा रस्ता त्यालाच धरून बसायची. उकडायला लागलं की आणखी घट्ट धरायची.

दादाला रडू कोसळलं. आसपास कुणी नव्हतं, त्यानेही ते आवरलं नाही. मग डोळे पुसून तो कामाला लागला. पाइपचा तेवढा तुकडा कापला, नवा बसवला. दांडा होता त्याच जागी लावला, आखूड स्क्रूंनी. कापलेला तुकडा भंगाराच्या पिंपात अगदी तळाशी टाकला.

दुपार कलताना दाजी आले. "सापडलं?"

"सापडलं." दादा फडक्याला हात पुसत राहिला. स्वच्छ झाले तरी पुसत राहिला. "माझंच चुकलं, दाजी. मागचा एक जोड मी नीट आवळलाच नव्हता. दोन वर्षं माझ्या लक्षात आलं नाही."

दाजी म्हणाले, "तुमच्या पाठची बहीण होती हो ती."

दादाने मान खाली घातली. तो पत्रा एकदा जरी उघडला असता, तर! हे तरी कुठे खोटं होतं?

"यापुढे माझ्या दारात पाऊल टाकू नका," दाजी म्हणाले.

ते व्हॅनपाशी गेले, पण पुढचं दार उघडायच्या ऐवजी मागच्या दाराने आत चढले. तिच्या जागेवर बसले. दांडा चाचपला, दोन्ही हातांनी धरून जोरात ओढून पाहिला. कसलाही आवाज आला नाही. त्यांनी दांड्यावर कपाळ टेकलं आणि लहान मुलासारखे हुंदके देत ते म्हणाले, "एवढं एक तरी तुझ्यासाठी माझ्या हातून धड झालं गं!"