न ऐकणारं घर

"आन् लाईन गेली त्?" रूपरावांनी विचारलं.

चंदनला हसू आलं. त्याच्या हिंगणघाटच्या घरात पाय ठेवलेल्या प्रत्येक माणसानं आजवर हेच विचारलं होतं. पडदे आपोआप सरकतात, दिवे नुसत्या शब्दावर लागतात, दाराशी कोण आलं ते बेलच्या कॅमेऱ्यातून फोनवर दिसतं, आणि या लोकांच्या डोक्यात काय, तर लाईन गेली तर.

"बॅटरी आहे, काका. अख्खं गाव अंधारात बसलं तरी या घराला पत्ता लागत नाही."

रूपराव मान डोलावून सोफ्याच्या अगदी कडेला टेकले. सोफाही बोलतो की काय, असा चेहरा करून. लेकीसाठी घर पाहायला ते रोहण्याहून आले होते. चंदन आधीच तिकडे जाऊन पोहे खाऊन आला होता आणि अपेक्षा त्याच्या मनात पार भरली होती. याआधीही मुलीकडची माणसं घर पाहून गेली होती. सगळ्यांनी 'कळवतो' म्हटलं आणि कुणी कळवलं नाही. हे स्थळ गेलं तर पुन्हा कुणापुढे इस्त्रीचा शर्ट घालून बसायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

आज अपेक्षा स्वतःच बापासोबत आली होती. आर्वीच्या कॉलेजात शिकवणारी, कमी बोलणारी मुलगी.

"पोट्टी म्हणे, मले राहाचं हाय त् मीच पाह्यतो," रूपरावांनी येता येताच सांगून टाकलं होतं.

चंदनची आई, कोकिळाबाई, चहा घेऊन आल्या. पाहुण्यांना घाम आलेला पाहून त्यांचा हात सवयीनं भिंतीकडे गेला.

"आई, किती वेळा सांगायचं? बटणं काढलीत मी. तोंडानं सांग."

पंख्याशी बोलायची कोकिळाबाईंना लाज वाटायची. चंदन घरी नसला की त्या पदरानंच वारा घ्यायच्या. आत्ताही त्यांनी हात नुसता खाली घेतला. शेवटी चंदननंच हुकूम सोडला आणि पंखा फिरू लागला.

"हे सगळं तुमचं बोलणं ऐकत असेल ना?" अपेक्षानं विचारलं.

या प्रश्नाची चंदन वाटच पाहत होता.

"लोकांच्या घरात ऐकतं. आमच्या शेजाऱ्यांनी एका बड्या कंपनीचा बोलका डबा आणला, फुकटच्या गाण्यांसाठी. आता नवराबायको भांडले तरी परदेशात कुणाला तरी कळतं. मेंढरं आहेत नुसती. या कंपन्या चोर, आणि आपले लोक त्यांच्या हातात घराची किल्ली देऊन वर पैसे मोजतात. माझ्या घरातलं सगळं मी स्वतः जोडलंय. एक शब्द बाहेर जात नाही."

"आणि घरातल्या घरात? तुम्हाला ऐकू येतं?"

"छे. माझ्या घरात कुणाचा कुणावर कान नसतो."

कोकिळाबाईंनी कपबश्या उगाचच सरळ केल्या. अपेक्षानं त्यांच्याकडे पाहिलं, मग चहा संपवला.

"बाबा, जरा बाहेर बोलायचं का?"

"हो, हो. आमी जरा दोघं बोलून येतो बापा," रूपराव उठत म्हणाले. घर पाहून झालं की मुलीकडच्यांनी दाराबाहेर जाऊन सल्ला करायचा, ही इकडची रीतच आहे. बापलेक पायरीवर जाऊन उभे राहिले.

चंदननं फोन काढला आणि कानात इअरफोन घातला. आईनं मान दुसरीकडे वळवली. मागच्या वेळी त्यानं असंच ऐकलं होतं, 'पोरगा हुशार हाय, पण आईले बोलू नाई देत.' अडाणी लोक, म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं.

"घर त् चांगलं हाय," बेलमधून रूपरावांचा आवाज आला. "माणूस बोलते लय, पण कमावते. तुले कसं वाटून राह्यलं?"

"चांगलं हाय, बाबा. फक्त एक हाय. मले घरात कुत्रं पाह्यजे. पांढरं, केसाळ. त्याईले चालत असन त् माहा होकार समजा."

रूपराव लेकीच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"कुत्रं?" ते शेवटी म्हणाले. "तुले?"

"हो. कुत्रं."

चंदन गालातल्या गालात हसला. घरात कुत्रं म्हटल्यावर या खेडवळ बापाची बोबडी वळणारच. पण पोरीचा होकार होता. आता फक्त नीट बोलायचं, घाई करायची नाही. इअरफोन खिशात गेला.

पाहुणे आत येऊन बसले. चंदननं आधी पाण्याच्या टाकीचं सांगितलं, मग छतावरच्या सोलरचं, मग सहज आठवल्यासारखं मागच्या अंगणाचं.

"ती जागा मी मुद्दाम मोकळी ठेवलीय. फार दिवसांपासून मनात आहे, एक कुत्रं पाळावं. पांढरं, केसाळ. त्याच्याशिवाय घर कसं ओकंओकं वाटतं."

कोकिळाबाईंनी चमकून मुलाकडे पाहिलं. फाटकाशी कुत्रं दिसलं तरी हा दगड शोधायचा.

रूपरावांनी एकवार लेकीकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठले.

"चाल, बाई."

"काय झालं, काका?" चंदन गडबडला. "तुम्हाला कुत्रं चालत नसेल, तर राहू द्या. तसं काही अडलेलं नाही."

अपेक्षानं वाकून कोकिळाबाईंना नमस्कार केला आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"मला चालत नाही," ती म्हणाली. "लहानपणी चावलं तेव्हापासून कुत्रं दिसलं की मी रस्ता बदलते. मघाशी कुत्रं हवं म्हटलं, ते मी बाबांना सांगत नव्हते, तुमच्या बेलला सांगत होते."