नरडाण्याचा स्लॅब

इंजिनिअर चारुलता जळगावच्या ऑफिसातून व्हिडिओ कॉलवर नरडाण्याच्या गोदामाचं काम पाहत होती. वर माणसं स्लॅब भरत होती. अचानक स्लॅबखालचा एक टेकू सरकताना तिला दिसला.

"भिकनभाऊ, सगळ्यांना उतरवा!" ती किंचाळली. पण तोवर कॉल तुटला होता. ती फोन लावत राहिली, लागेना.

शेवटी मुकादम भिकनचाच फोन आला. "स्लॅब पडना, ताई. पन बठ्ठा वाचनात."

सगळे वाचल्याचं ऐकून चारुलताला रडूच कोसळलं. "देवच पावला! वेळेवर कोणाच्या लक्षात आलं?"

"तुम्हीच तं वरडनात, उतरा म्हनीसन."

"म्हणजे माझा आवाज पोचला?"

"फोनवर नही, ताई. तुम्ही आमना मांगेच उभ्या व्हत्यात ना?" भिकन मोकळं हसला. "आते कोठे गयात? चहा थंडा व्हई राहिना."